पोत्याची कंबर

गल्लीच्या तोंडाशी दुकान असलेल्या शिंप्याला सगळे मास्तर म्हणत. त्यांनी जन्मात कोणाला काही शिकवलं नव्हतं. पण सकाळी अंघोळ झाली की गळ्यात टेप अडकवायची आणि रात्री अंथरुणावर बसल्यावर काढायची, असा माणूस आपोआपच मास्तर होतो. घराची पुढची खोली म्हणजे दुकान. खिडकीला लागून मशीन, मधोमध कापायचं टेबल, भिंतीवर उभा आरसा आणि त्याच्याशेजारी कपडे घालून बघायला एक पडदा. मागच्या दोन खोल्यांत संसार.

मास्तरांचा एक नियम होता. जादा कापड कापून टाकायचं नाही. शिवणीच्या आत भरपूर माया सोडायची, म्हणजे पुढेमागे कपडा उसवून सैल करता येतो. "माणूस काय आज आहे तेवढाच राहतो का?" असं ते म्हणत. बँकेतल्या शिपायाने स्वतःच्या लग्नातला कोट मुलाच्या लग्नात घातला होता. मधल्या काळात पोट दुप्पट झालं होतं, पण कोटाने तक्रारीचा एक शब्द काढला नव्हता.

मापं सोडली तर मात्र मास्तरांना जगातलं फारसं काही कळत नसे. भाजीवाला काय देईल ते घ्यायचं, डॉक्टर काय म्हणेल त्याला मान डोलवायची, आणि घरी येऊन बायकोला विचारायचं, "तो काय म्हणाला गं?" त्यांच्या बायकोला गल्लीत सगळे काकू म्हणत. दुकानातली काजं-बटणं, हातशिलाई आणि मास्तरांच्या डोक्यातला गोंधळ, हे सगळं काकूच निस्तरत. "तुम्हाला सुई सापडते आणि हत्ती दिसत नाही," असं त्या गिऱ्हाइकांसमोरही म्हणायच्या, आणि मास्तर तोंडात टाचण्या धरून हसायचे.

अशा काकूंच्या पोटाचं ऑपरेशन झालं. त्या घरी आल्या, टाके सुकले, तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, "आता काही राहिलेलं नाही. फक्त खायला घाला."

इथूनच मास्तरांना काही कळेनासं झालं. कारण डॉक्टर म्हणत होते काही नाही आणि काकू तर खातच नव्हत्या. दोन घास घ्यायच्या, ताट सरकवायच्या. "भूक नाही हो. उगाच कशाला वाया घालवताय?" वाया जाण्याचा त्यांना मोठा तिटकारा. घरात शिळ्या पावाचा तुकडासुद्धा कधी फेकला गेला नव्हता. आता त्या जणू स्वतःवर होणारा खर्चच वाचवायला निघाल्या होत्या.

त्यांचे कपडे अंगावर लोंबायला लागले. त्यांचा रोजचा निळा झगा मास्तरांनी दोन्ही कुशीत आवळून दिला. थोड्या दिवसांनी पुन्हा आवळला. तेव्हा काकू म्हणाल्या, "आतलं ते जादा कापड कापून टाका आता. जाड झालंय, टोचतं मला."

मास्तर मशीनवर होते. त्यांनी पायंडल जरा जोरात मारलं.

दुसरीकडे काकूंनी आवराआवर काढली होती. त्यांची भाची भेटायला आली तेव्हा तिला मोठी पातेली देऊन टाकली. "यांना एकट्याला केवढी लागणार?" असं त्या सहज बोलून गेल्या, जणू उद्या पाऊस येईल म्हणून छत्री काढून ठेवावी. मास्तरांना त्या हाताला धरून स्वयंपाकघरात नेत. हे मीठ, ही साखर, चहाला पाणी एवढं, गॅस आधी इकडून बंद करायचा. मास्तर मान डोलवत, आणि बाहेर येऊन बाहीच्या जागी कॉलर जोडत.

ते एकदा एकटेच डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी कागद पुन्हा पाहिले. "अहो, सगळं उत्तम आहे."

"मग ती घरातली पातेली का वाटून टाकतेय?"

डॉक्टरांनी कागद मिटले. "मन सावरायला वेळ लागतो," ते म्हणाले. "चांगलंचुंगलं खाऊ दे. शक्ती आली की मनही येईल."

घरी मास्तरांनी सवयीने तोंड उघडलं, 'तो काय म्हणाला गं' असं विचारायला, आणि मिटलं. खरं कोणाचं धरायचं? कागदाचं की पातेल्यांचं?

भाचीकडे मात्र प्रत्येक गोष्टीला उत्तर असायचं. ती कुठल्याशा ऑफिसात मोठ्या हुद्द्यावर होती, चालताना पावलं मोजायची आणि जेवताना घास. "काका, तुम्ही मावशीला देताय काय? चहा-बिस्किटं! त्यात काही दम नाही. ओट्स द्या. बदाम, जवस, ऑलिव्हचं तेल. मी नेते तुम्हाला गोदामाच्या दुकानात. माझ्याकडे तिथल्या सभासदाचं कार्ड आहे. फक्त तिथं सगळं मोठं मोठं मिळतं हं."

"मोठं म्हणजे?"

"बघालच."

ते दुकान गावाबाहेर होतं आणि बाहेरून विमान ठेवायच्या जागेसारखं दिसत होतं. दारातच भाचीचा फोन वाजला. तिने कार्ड मास्तरांच्या हातात कोंबलं, "व्हा तुम्ही पुढे, मी आलेच," म्हणाली आणि फोनशी भांडत गाडीकडे गेली.

मास्तर आत शिरले. छप्पर इतकं उंच की त्याच्याखाली पाखरं उडत होती. दोन्ही बाजूंना लोखंडी मांडण्या छपरापर्यंत गेलेल्या, आणि वरच्या खणातला माल काढायला एक पिवळी गाडी टूं टूं करत फिरत होती. त्यांच्या वाट्याला आलेल्या ढकलगाडीत त्यांचं शिलाई मशीन स्टँडसकट मावलं असतं. तिचं एक चाक हट्टी होतं. मास्तरांना सरळ जायचं असे आणि गाडी त्यांना कुत्र्यांच्या खाण्याकडे नेई.

पौष्टिक खाण्याच्या ओळीत ते पोहोचले आणि चष्मा पुसून पुड्यांवरचं वाचायला लागले. एका डब्यावर लिहिलं होतं, साखर नाही. दुसऱ्यावर, मीठ नाही. तिसऱ्यावर चरबी नाही, रंग नाही, आणखी कसलीशी चार नावं नाहीत. मास्तरांनी डबा उलटासुलटा केला. काय नाही ते सगळं ठळक लिहिलं होतं. मग आत आहे काय? घरी एक माणूस 'नको, नको' म्हणत बसलं होतं, आणि इथले डबेही तेच सांगत होते.

लाल जाकीट घातलेली एक पोरगी खोकी रचत होती. मास्तरांनी तिला गाठलं.

"पोरी, ओट्स पाव किलो मिळतील का?"

"आजोबा, सगळ्यात लहान हेच." तिने बोट दाखवलं ते पोत्याकडे. चांगलं मांजरपाटासारख्या जाड कापडाचं, शिवलेल्या तोंडाचं पोतं.

"खाणारं एकच माणूस आहे."

"मग पुष्कळ दिवस जाईल," पोरगी म्हणाली.

तिने ते साधेपणानेच म्हटलं, पण मास्तर तिथंच उभे राहिले. किती घ्यावं, याचं गणित त्यांना सुटेना. कमी मिळत नाही आणि जास्त कोणाच्या भरवशावर घ्यायचं? विचारायला घरचं माणूस जवळ नाही, भाची बाहेर भांडतेय. डोकं चालेनासं झालं की त्यांचे हात आपोआप एकच काम करत. त्यांनी गळ्यातली टेप काढली, वाकले आणि पोत्याच्या मधोमध गुंडाळली.

"आजोबा, झगा शिवताय काय त्याला?" पोरगी खोक्यामागून फिदीफिदी हसली.

मास्तरांनी टेपेवरचा आकडा बघितला. पुन्हा नीट ताणून बघितला. तो आकडा त्यांना पाठ होता. काकूंची कंबर. आजची नाही, ऑपरेशनच्या आधीची, निळा झगा पहिल्यांदा बेतला तेव्हाची.

"हे चढवून दे गाडीत," ते म्हणाले.

मग त्यांनी बदामांची पिशवी मोजली, ती काकूंच्या दंडाला जुळली. तेलाचा डबा कशालाच जुळेना, म्हणून तो नुसताच घेतला. भाची आली तेव्हा गाडी भरली होती. "काका!" ती ओरडली. "हे कोणी सांगितलं एवढं?"

"मापाप्रमाणे आहे," मास्तर म्हणाले. यापुढचं त्यांना स्वतःलाच सांगता येत नव्हतं.

घरी पोतं आत आलं तेव्हा काकू पलंगावर पडून होत्या. त्या कोपरावर उठल्या.

"हे काय? दाणेबाजार थाटताय?"

"लहान मिळत नाही."

"अहो, मिळत नाही म्हणून कोणी हत्ती घेऊन येतं का? खाणार कोण हे?"

"तू."

"मी?" काकूंनी पोत्याकडे पाहिलं. त्यावर छापलेली तारीख वाचली, पुढच्या वर्षाच्याही पुढची होती. "एवढं मी..." त्या थांबल्या. मास्तर टेपेचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत उभे होते. मग काकू म्हणाल्या, "वाटून टाका. निम्मं भाचीला, उरलेलं गल्लीत."

"नाही," मास्तर म्हणाले.

संसारात हा शब्द त्यांनी इतक्या क्वचित वापरला होता की काकूंना वाटलं, आपल्यालाच नीट ऐकू आलं नाही.

"काय म्हणालात?"

"वाटायचं नाही. असू दे घरात."

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांनी स्वतः ओट्स शिजवले. पाणी किती, हे विचारायची चोरी, कारण काकू म्हणाल्या असत्या, नकोच. त्यांनी अंदाजाने घातलं, ढवळलं, आणखी थोडे ओट्स टाकले, आणि वाडगा पलंगापाशी नेला. काकूंनी चमचा आत रोवला. चमचा उभा राहिला.

"अहो, ही काय कॉलरला लावायची खळ केलीत?"

"दम आहे त्यात. भाची म्हणत होती."

"दम आहे खरा! माझी आतडी चिकटवून टाकाल. हॉस्पिटलातून सुटले ते याच्यासाठी?"

पुढच्या दिवशी ते पातळ झालं, त्याच्या पुढच्या दिवशी करपलं. करपलेल्याचा वास मागच्या खोलीत गेला आणि काकू भिंतीला धरून स्वयंपाकघरात आल्या. "सरा तिकडे. रोज अन्नाची नासाडी बघवत नाही मला." त्यांनी दूध मोजून घातलं, बदाम कुटून टाकले, आणि वाडगा मास्तरांपुढे आदळला. "बघा, याला म्हणतात शिजवणं. चव घ्या." मग कसं झालंय ते कळायला त्यांनीही दोन चमचे घेतले. पातेल्यात थोडं राहिलं होतं. ते वाया कसं घालवायचं? तेही त्यांनीच खाल्लं, उभ्या उभ्या, रागारागाने.

मास्तर मशीनवर जाऊन बसले. आपण जिंकलो की बोलणी खाल्ली, हे त्यांना कळेना.

पुढे रोज काही ना काही निघायचं. पोतं इस्त्रीच्या टेबलाखाली ठेवलंत, वाफेने दमट होईल. तोंड उघडं ठेवलंत, किडे पडतील. काकू उठायच्या, पोत्याचं तोंड नीट बांधायच्या, डबे भरायच्या. डब्यांना जागा पुरेना तेव्हा भाचीला फोन झाला: "ती मोठी पातेली आण बाई परत. तुझ्या काकांनी घरात गोदाम केलंय." मास्तरांनी त्या वेळी सुईत दोरा ओवायला घेतला, आणि दोरा काही जाईना. डोळ्यांत पाणी आलं की सुईचं भोक दिसत नाही, हे त्यांना तोवर माहीत नव्हतं.

काकूंचा आवाज आधी सुधारला, मग चाल. भाची म्हणाली, ओट्सचा गुण. डॉक्टर म्हणाले, वेळेचा गुण. शेजारीण म्हणाली, तिने देवाला सांगितलं होतं. मास्तरांनी तिघांनाही मान डोलवली.

मग एकदा दुपारी काकू पुढच्या खोलीत आल्या. निळ्या झग्यात त्यांनी हात वर करून दाखवला. "हा काखेत काचतोय. सैल करा."

काकूंनी तो पडद्याआडून काढून दिला; मास्तर पडद्याकडे पाठ करून बसले आणि ब्लेडने एकेक टाका उसवू लागले. काकू दुसरा झगा घालून समोरच्या स्टुलावर बसल्या होत्या. आधी आवळलेल्या शिवणी उघडल्या, तेवढं पुरेना म्हणून मूळच्याही. आतून दुमडलेलं कापड बाहेर आलं, गडद निळं, उन्हाचं दर्शन न झालेलं.

काकूंनी ते हातात घेतलं. "हे कापा म्हणाले होते ना मी तुम्हाला?"

"म्हणालीस का? मशीन चालू होतं. ऐकू नसेल आलं."

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं. मास्तर दोऱ्याचे तुकडे वेचत राहिले.

झगा सैल होऊन अंगावर आला तेव्हा दोन्ही कुशींना गडद निळे पट्टे दिसत होते. बाकीचा झगा विटलेला, पट्टे नवेकोरे. काकू आरशासमोर या अंगाने, त्या अंगाने वळल्या.

"बँडवाल्याचा गणवेश झाला की हा!"

"दुसरा शिवू का?"

"कशाला? धड आहे की." त्यांनी पट्ट्यावरून तळवा फिरवला. "आणि ऐका. पोत्याने तळ गाठलाय. रविवारी भाचीला बोलवा, मी पण येते. तुमच्यावर सोपवलं तर या वेळी घोडा आणाल."

"लहान मिळत नाही गं तिथे."

"मोठंच घेऊ. पण टेप घरी ठेवायची. दुकानातल्या त्या पोरीने भाचीला सगळं सांगितलंय, पोत्याला माप लावत होतात म्हणे. कोणाची कंबर मोजत होतात हो?"

मास्तरांनी तोंडात टाचण्या धरल्या. तोंडात टाचण्या असल्या की बोलता येत नाही, हे काकूंनाही ठाऊक होतं.