पोळ्याच्या दिवशीची नांगरट

“पैले बैल सोडा भाऊ, मंग आमी अंदर येतो,” पाटील म्हणाले.

बैल चित्रातले होते आणि फ्रान्समधले होते. बोरी अरबच्या शाळेच्या भिंतीवर ते ओली जमीन नांगरत होते.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. मी सरकारी खात्यात प्रदर्शन सहायक होतो, म्हणजे चित्रं टांगणारा आणि उतरवणारा. या खेपेला गेल्या शतकातल्या फ्रेंच चित्रांचे प्रिंट होते. प्रिंट म्हणजे मूळ चित्राची छापील प्रत. त्या चित्रकारांनी राजेराण्या सोडून पेंढ्या, मेंढ्या आणि चिखल रंगवला, म्हणून ते मला आवडत. साहेबांना आवडत, कारण त्यांच्यावर भाषण करता येई.

“उद्घाटनाला हॉल रिकामा दिसला तर दौरा बंद,” साहेबांनी बजावलं होतं. “मग बसा ऑफिसात लेबलं चिकटवत.” मला गावं हिंडायची होती.

तारीखही साहेबांनीच ठरवलेली. त्या दिवशी नेमका पोळा निघाला. पोळ्याला कोणी बैलाला जुंपत नाही. आदल्या संध्याकाळी त्याचे खांदे हळद-लोण्याने चोळतात आणि त्याला सांगतात, “आज आवतन घे, उद्या जेवाले ये.” आणि मी दारासमोर, आमच्या धंद्यातल्या मानाच्या जागी, नांगरट टांगली होती.

“पाटील, चित्र आहे ते. शंभर वर्षं झाली, नांगरतच आहेत.”

“मंग तं लयच थकले असतीन.”

“आन् जू पाहा, शिंगाले बांधलं!” मागून कोणी ओरडलं.

“तिकडे तशीच पद्धत आहे,” मी म्हणालो.

“मंग लोनी कुठी लावत असतीन? शिंगाले?”

सगळे हसले. आत मात्र कोणी आलं नाही. बाहेर अख्खं गाव, आत मी आणि फ्रान्स. चित्र उतरवायचीही सोय नव्हती. साहेबांचं भाषण त्याच्यावरच होतं.

तेवढ्यात बंजाऱ्यांच्या तांड्यावरच्या जमनाबाई पुढे आल्या. त्यांच्या आज्याने बैलांवर मीठ लादून मुलूख पालथा घातलेला. हातात त्यांच्या बैलाची आरसे लावलेली झूल होती.

“हे यायच्यावर टाका. पावने हायेत. माह्या बैलाले मी समजावून सांगीन.”

झूल दुमडून मी दोन खिळ्यांवर अडकवली. जू, नांगर, नांगरणारा, सगळे झाकले गेले. उरल्या बैलांच्या नाकपुड्या आणि वर आभाळ. पाटलांनी काचेला कुंकवाचं बोट लावलं, खाली पुरणपोळी ठेवली, आणि हॉल भरला.

जीपमधून साहेब आले. भाषण पाठ होतं. त्यातला एक शब्दही त्यांनी बदलला नाही. “नांगराच्या फाळाची ही चमक पाहा!” म्हणत त्यांनी झुलीकडे बोट केलं. आरसे खरोखरच चमकत होते. टाळ्या पडल्या.

“गर्दी छान,” नंतर ते हळूच म्हणाले. “पण ते कापड कसलं?”

“स्थानिक सहकार्य, साहेब.”

“वा! रिपोर्टमध्ये घाला. पुढचं गाव नेर.”

फ्रेंच बैलांनी पुरणपोळीला तोंड लावलं नाही. सरकारी सामानाचा रक्षक या नात्याने ती मी संपवली.

पुढे नोकरीभर प्रदर्शन लावण्याआधी मी भिंतीची ओल पाहिली आणि पंचांगही. भाषण ऐकायची गरज मात्र कधी पडली नाही.