मामंजींचा गुळगुळीत पाय

माझ्या सासऱ्यांचा डावा पाय मी ओव्हनमध्ये भाजून काढला आहे. (घाबरू नका, तो कृत्रिम आहे!) रत्नागिरीत मांडवीजवळच्या आमच्या घराच्या पडवीत मी कृत्रिम पाय, पट्टे आणि बुटांचे तळवे बनवते. धंदा बरा चालतो. एका शिमग्याला मात्र फजिती झाली.

मामंजींचा पाय साखरेच्या आजारापायी गुडघ्याखाली कापावा लागला. त्या वर्षी शिमग्याला पालखी आमच्या गावच्या घराच्या अंगणात नाचली आणि जन्मभर तिला खांदा दिलेला हा माणूस खुर्चीत मान खाली घालून बसला. मला ते बघवलं नाही. पालखी गेल्यावर त्यांनी फर्मान काढलं, "सूनबाई, पुढच्या शिमग्याला मी खांदा देणार. पाय कसा करायचा ता तू बघ!"

"मामंजी, नाचाल असा पाय देते!" मी म्हटलं. (गिऱ्हाईक समोर दिसलं की माझी जीभ सैल सुटते.)

काम असं असतं. उरलेल्या पायाचा प्लास्टरचा साचा करायचा. नडगीचं हाड जिथे वर येतं, तिथे साच्यावर मुद्दाम प्लास्टरची टेंगळं चढवायची. मग घट्ट फोमचा तुकडा ओव्हनमध्ये तापवायचा आणि ओल्या फडक्यासारखा लुळा पडला की झटकन साच्यावर ओढून बांधायचा. थंड झाला की तो साच्याचा आकार जसाच्या तसा धरतो. टेंगळांच्या जागी आत पोकळी राहते, म्हणून हाडाला टोचत नाही. त्यावर कडक वाटी चढवली की झालं!

साचा पडवीत वाळत ठेवून मी बाजारात गेले. आता आमचे हे पीओपीची छतं करतात. प्लास्टरवर टेंगूळ दिसलं की यांना अन्न गोड लागत नाही! मी मासळी घेऊन परतेपर्यंत यांनी पॉलिश पेपर घेऊन सगळी टेंगळं घासून सपाट केली. वर मला वाईट वाटू नये म्हणून काही बोललेही नाहीत. हे मला फार उशिरा कळलं.

आणि मी? मी साचा हातात घेतला, उलटसुलट फिरवला आणि स्वतःलाच म्हणाले, "वा मेघा! काय हात बसलाय तुझा!"

पाय चढवून मामंजी घरात चार पावलं चालले. "अगो, नडगीवर जरा टोचतंय गो."

"नवी चप्पलसुद्धा चावते, मामंजी!"

ते लगेच आणखी चार पावलं चालून दाखवू लागले. जास्त कुरकुर केली तर ही पालखीला जाऊ देणार नाही, अशी त्यांना धास्ती.

शिमग्याला गावी गेलो. ढोल वाजले, मामंजींनी पालखीची दांडी खांद्यावर घेतली आणि माझा ऊर भरून आला. पहिलं पाऊल झकास पडलं. दुसऱ्याला नडगी वाटीवर आदळली आणि मामंजींनी डावा पाय जो उचलला, तो थेट कमरेपर्यंत! ढोलवाल्याला वाटलं, म्हातारा रंगात आला. त्याने ताल वाढवला. मामंजी आणखी उडाले. "आई आई गं! मेलो!"

"भाऊ, एक नंबर!" मागचे भोई ओरडले आणि तेही डावा पाय कमरेपर्यंत उचलू लागले.

"अरे, भाऊंच्या अंगात आलाय!" कुणीतरी म्हणालं. झालं! दांडी दुसऱ्याने घेतली, बायका हळदकुंकू घेऊन धावल्या. शेजारच्या काशीकाकू हात जोडून पुढे. "देवा, माज्या मुंबयच्या पोराचं लगीन कधी ठरंल?"

"मरूदे तुझ्या पोराचं लगीन! आधी माझ्या सुनेला हाक मार!"

"देवानं सुनेला बोलावलान!" गर्दीने मला ढकलत पुढे आणलं. मी खाली बसून पट्टा सोडला आणि पाय काढून हातात घेतला. अख्ख्या वाडीने त्याला नमस्कार केला!

मामंजी माझ्या कानाशी पुटपुटले, "ही चप्पल नव्हे गो, कुत्रा हाय!" मग नडगी चोळत, डोळे पुसत म्हणाले, "पण खांदा दिला गो मी. दिला का नाय?"

एवढ्यात ह्यांनी पायात डोकावून पाहिलं. "आतून किती गुळगुळीत आहे बघ! ती टेंगळं मीच घासली होती."

"काय केलंत?"

"अगं, बरं दिसत नव्हतं. लोक बघतील म्हणून…"

"पायाच्या आत कोण बघतं हो!"

मी नवा पाय केला, साचा कपाटात कुलूपबंद ठेवून. त्यापुढच्या शिमग्याला मामंजींनी पालखी अख्ख्या वाडीभर मिरवली, हूं की चूं न करता. आता कौतुक होणार म्हणून मी पदर सावरून उभी. काशीकाकू आल्याच. "सूनबाई, यंदा काय मजा नाय आली. तो जुना पाय टाकलास काय गो?"

टाकला नव्हता. मग तो त्यांनी मागून नेला आणि देवळात ठेवला. इतकी वर्षं मी एवढे पाय नीट बसवले, त्यांच्यापुढे कुणी सुपारीसुद्धा ठेवली नाही. नेमका जो चुकला, त्याच्यापुढे आता नारळ फुटतात!