मी न म्हटलेलं वाक्य

माझी नात भाषा शिकते. आपली नव्हे. जर्मन शिकते, जपानी शिकते आणि वर भाषाशास्त्र. त्यात म्हणे कुठलीच भाषा बोलायला शिकवत नाहीत, सगळ्या भाषा उघडून आत काय आहे ते बघतात. मी चौथीपर्यंत गेलो, तेही मार खात, पण हे मला तिनं सांगितलं तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. चालू इंजिन उघडून बसणारे लोक मी पाहिलेत. नंतर होडी वल्ह्यांवर आणावी लागते.

तिचं विद्यापीठ काशीमीऱ्याच्या पुढे आहे. एका बाजूला ट्रकचं गॅरेज, दुसऱ्या बाजूला फरशांचं गोदाम, मधे हे. आमच्या मुर्धा गावची शाळा याहून लांबरुंद असेल. घरी ती आरशासमोर बसून ओठ पुढे काढायची, आत ओढायची. जर्मनमधला कसला तरी आवाज ओठ गोल केल्याशिवाय निघत नाही. शेजारीण खिडकीतून विचारायची, "पोरीचे दात दुखतान काय?" मी सांगायचो, "न्हाय. फी भरून घेतलंय ते."

शेवटच्या वर्षाला ती माझ्याकडे आली. "आबा, आपली बोली रेकॉर्ड करायचीय. मॅडम घरी येणार. हे काम पूर्ण झालं तरच मला जर्मनीला अर्ज करता येईल."

आपली बोली! शाळेत होती तेव्हा मी पूनम सागर वसाहतीपाशी तिला घ्यायला जायचो. तर म्हणायची, आबा, मैत्रिणींसमोर न्हाय न्हाय करू नका. तेव्हा जी लपवायची, ती आता अर्जाला लागत होती. तरी हो म्हटलं. नात आहे.

मॅडम आल्या. आवाज नको म्हणून पंखा बंद केला, सुनेला मासळी तळणं थांबवायला लावलं. टेबलावर छोटं मशीन ठेवलं.

"आजोबा, मी वाक्य सांगते, तुम्ही घरी जसं बोलता तसं म्हणा."

"मी तुमचा आजोबा न्हाय."

नात खाली बघायला लागली. मॅडम म्हणाल्या, "बरं, काका."

मुलगा भात खातो. मुलगी पाणी आणते. त्याने मला हाक मारली. असली वाक्यं. घामानं निथळत मी सगळी म्हटली. मग एक आलं, होडीचं. ते मी इथंही लिहिणार नाही. समुद्रात होडीचं जे होऊ नये ते झालं, असं ते वाक्य होतं.

माझा मुलगा, म्हणजे या पोरीचा बाप, त्याच सकाळी होडी घेऊन बाहेर पडला होता. आमच्या घरात होडी बाहेर असताना तो शब्द कुणी काढत नाही. मस्करीतसुद्धा नाही. उशीर झाला तर आम्ही म्हणतो, रमली. वादळात अडकली तरी रमली. माझी बायको तर त्या दिवसांत बादलीत तांब्या सोडतानाही हळू सोडायची, तळाला गेल्याचा आवाज नको म्हणून. पोरीनं हे सगळं पाहिलंय.

"हे मी म्हणनार न्हाय," मी म्हटलं.

"का हो?"

"पोरगा बाहेर हाय."

"अहो काका, हे नुसतं वाक्य आहे. खऱ्या होडीबद्दल नाहीये."

"मंग तुमच्या घरी जाऊन म्हना. तितं खरी होरी न्हाय."

त्या हसल्या. तिथं माझं डोकं फिरलं. म्हणाल्या, सगळ्या गावांतून हीच वाक्यं घेतली आहेत, एखादं बदललं तर तुलना करता येत नाही. मग नातीकडे वळल्या. "तूच म्हण ना. तुझीही मातृभाषा आहे."

पोरीनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, नको. सून झारा घेऊन दारात उभी होती. आणि पोरीनं म्हटलं. स्वच्छ, एकदम आमच्या हेलात, कुठंही न अडखळता.

मी उठलो. "मशीन उचला." त्यांचा चहा तसाच राहिला.

मुलगा दुसऱ्या दिवशी आला, जाळं भरून. नात म्हणाली, "बघा आबा. काय झालं?"

"सांगू का त्याला, तू काय बोललीस?"

बापाला आजपर्यंत कुणी सांगितलेलं नाही.

पण ते मशीनमध्ये होतंच. मुलगा पुन्हा बाहेर जाणार, आणि तिकडे कुणीतरी बटण दाबून आमच्याच घरातला आवाज ऐकत बसणार. मी धुतलेला शर्ट घातला आणि बसनं काशीमीऱ्याला गेलो. आत एका खोलीत मोठमोठी पोरं एका सुरात जपानी घोकत होती, बालवाडीसारखी.

मॅडमना म्हटलं, ते काढून टाका.

"आवाज तुमचा नाही, काका. तिचा आहे. ती म्हणाली तरच काढीन."

तिला वर्गातून बोलावलं. मागोमाग दोन मैत्रिणी आल्या.

"काढ ते," मी म्हटलं.

"न्हाय कारनार." आमच्याच बोलीत, मैत्रिणींसमोर. मग मॅडमना कळावं म्हणून असेल, पुढचं त्यांच्या मराठीत. "बाबा बाहेर असले की मलाही झोप लागत नाही, आबा. पण मी काय बोलायचं ते तुमच्या भीतीनं ठरवायचं नाही."

भीती म्हणे. एवढ्या वर्षांत समुद्रानं मला हा शब्द लावला नव्हता. मी खुर्ची ओढून बसलो.

"मंग तिच्या मागं माझं घाला."

"यादीत नाही ते," मॅडम म्हणाल्या.

"यादी तुमची. होरी माजी."

मी उठणार नाही हे नातीला कळलं. तिनंच मॅडमना खूण केली आणि मशीन चालू केलं. मी म्हटलं, "होरी आली. बंदराला लागली. मानसां घरी हायत." मग दोन्ही लावून ऐकवायला सांगितलं. आधी तिचं, लगेच माझं. मॅडमना बजावलं, तिचं एकटं कधी कुणाला ऐकवलंत तर मी परत येईन. त्यांनी चहा विचारला. मी घेतला नाही.

बसस्टॉपवर नात माझ्याबरोबर आली. मी ये म्हटलं नव्हतं. ट्रक जात होते, धूळ उडत होती. पण बस येईपर्यंत ती गेली नाही. तिचा बाप त्या दिवशीही बाहेर होता.