तिचं होऊ दे

"कललं मना, कललं!"

गिऱ्हाइकाचं वाक्य निम्मंसुद्धा झालेलं नसायचं, तोवर तिचं हे 'कळलं मला' आणि कोयत्याचा पहिला घाव दोन्ही बरोबरच यायचे. तुम्ही "मावशी, आज जरा..." एवढंच म्हणावं आणि तिने बोंबील साफ करायला घ्यावेत. बरं, भांडायला जागा नाही. तुम्हाला बोंबीलच हवे असत.

लालबागच्या मासळीबाजारात शिरलं की डाव्या हाताला या कोळीणमावशीची जागा होती. वरळीच्या कोळीवाड्यातून पहाटे निघून यायची आणि संध्याकाळी टोपल्या रिकाम्या होईपर्यंत बसायची. आवाज असा की बाजाराच्या बाहेर उभं राहूनही आज तिच्याकडे काय आलंय ते कळावं. तुमच्या ओळखीतही असं एखादं माणूस असेल, ज्याच्यासमोर आपलं वाक्य पुरं करायची सोय नसते. पण अशी निम्मी माणसं नुसतीच उतावळी असतात. हिला खरोखरच कळायचं. कोणाकडे पाहुणे आलेत, कोणाचा उपास सुटायचाय, कोणाच्या सुनेला दिवस गेलेत, हे ती चेहरा बघून ओळखायची आणि त्याप्रमाणे मासा काढायची.

मी तेव्हा परळच्या एका मोठ्या इस्पितळात केसपेपरच्या खिडकीवर बसत असे. दिवसभर "नाव? वय? काय होतंय?" असं विचारून विचारून मलाही दुसऱ्याचं बोलणं संपेपर्यंत दम धरवत नसे. त्यामुळे आमचं दोघींचं छान जमलं. एकमेकींना मधेच तोडत आम्ही बोलायचो आणि तरी सगळं बोलून व्हायचं.

मग संप आला. गिरण्यांचे भोंगे थांबले, चाळींतली निम्मी माणसं कोकणात गावी गेली आणि बाजाराची कळाच गेली. आमच्याकडेही ह्यांची गिरणी बंद, घर माझ्या एकटीच्या पगारावर. आम्ही सुरमईवरून मांदेलीवर आलो. तिला ते सांगावं लागलं नाही. मी समोर उभी राहिले की ती आपणहून मांदेली पुढे करी आणि वर म्हणे, "आज सुरमय बरी नाय गो बाय, नको घेऊस." समोर सुरमई अगदी ताजी पडलेली असायची. मी मान हलवायची, तिच्याकडे बघायचं मात्र टाळायची.

त्याच दिवसांत तिच्या पाठीमागे, उपड्या टोपलीवर, एक पाच-सहा वर्षांची मुलगी बसलेली दिसू लागली. तिच्या लेकीची लेक, हेमा. जावई गिरणीत, तोही संपावर, म्हणून लेक एका प्लॅस्टिकच्या कारखान्यात जाऊ लागली होती आणि शाळा सुटली की पोर आजीकडे. मी नाव विचारलं, आजीने सांगितलं. कितवीत आहेस म्हणून विचारलं, तेही आजीनेच सांगितलं. मला वाटलं पोर लाजते.

एकदा तिला बोलताना पाहिलं आणि मग कळलं. "आ..." एवढाच आवाज निघाला आणि अडला. डोळे मिटलेले, मानेच्या शिरा ताणलेल्या, ओठ उघडे आणि आत सगळं थांबलेलं. आजी वळली, म्हणाली, "पानी ना? कललं मना." तांब्या पुढे आला. पोरीने दोन घोट घेतले आणि परत टोपलीवर जाऊन बसली.

आजीला ती "सुरमय" म्हणायची. आता आजीला कोणी सुरमई म्हणतं का, असं तुम्ही म्हणाल. पण 'आजी'तल्या 'आ'वर ती हमखास अडकायची आणि 'स' मात्र तिच्या तोंडून सहज घसरून यायचा. समोर टोपलीत जे पडलेलं होतं त्यातलं तिला सोपं वाटलं ते नाव तिने आजीला देऊन टाकलं. आजीला त्याचा कोण अभिमान! "माश्यांची राणी असते ती," असं ती ज्याला त्याला ऐकवायची. शेजारच्या कोळिणींनी थट्टेत तिला त्या नावाने हाक मारली की मात्र खवळायची. "तुज्यासाठी नाय ते. तू मावशी बोल."

एका संध्याकाळी ती मला बघूनही कोयता हातात न घेता बसून राहिली. शाळेतून बोलावणं आलं होतं. बाई म्हणाल्या होत्या की मुलगी काही विचारलं तर उत्तरच देत नाही, तिला पुढच्या वर्गात कशी घालू, तिच्यासाठी वेगळी शाळा बघा. "बाय, डोकं बरं हाय गो तिचं," ती म्हणाली. "सगलं समजते. नुसतं भायेर येत नाय." इतकं हळू बोलताना मी तिला तोवर ऐकलं नव्हतं. मी म्हटलं, आमच्याकडे बोलण्याचे उपचार करणारा विभाग आहे, उद्याच घेऊन या. केसपेपर मीच काढते.

विभागातल्या मॅडम तरुण होत्या आणि शांत होत्या. त्यांनी हेमाला विचारलं, "तुला काय खायला आवडतं?" आजी म्हणाली, "कोलंबी." त्यांनी विचारलं, "शाळेत मैत्रीण आहे का?" आजी म्हणाली, "हाय ना, दोन हायत." मॅडमनी हसून तिला जरा बाहेर बसायला सांगितलं. बाजारात जिला कोणी 'जरा सरकून बस' म्हणायला धजायचं नाही, ती पदर सावरत निमूट बाहेर येऊन माझ्या शेजारी बाकावर बसली आणि दाराकडे बघत राहिली.

मग मॅडमनी तिला आत घेतलं. मीही दारात उभी होतेच. त्या म्हणाल्या, "आजी, तिचा शब्द तुम्ही पुरा करू नका. हळू बोल, श्वास घे, असंही सांगू नका. तिच्या डोळ्यांकडे बघा आणि थांबा. कितीही वेळ लागू दे."

"येवरंच?"

"एवढंच. घरात सगळ्यांनी."

जिना उतरताना ती मला म्हणाली, "औषध दिलं असतं तर बरं झालं असतं गो." तिचं बरोबर होतं. औषध तिला सोपं गेलं असतं.

पुढचे काही आठवडे त्या बाईने जे हाल सोसले ते आम्ही सगळ्यांनी पाहिले. हेमा बोलू लागली की तोंड बंद राहावं म्हणून ती पानाचा विडा कोंबायची. विड्यातूनही "कललं" बाहेर यायचंच. मग पदराचं टोक दातांत धरायला लागली. दात आवळलेले, डोळे मोठे झालेले आणि उजवा हात सवयीने तांब्याकडे निघालेला. पोर तो हात बघायची आणि बोलणं सोडून द्यायची. शेजारणी हसायच्या. मीही हसले आहे.

पण मग हेमाने बोलणंच टाकलं. काय हवं ते बोटाने दाखवू लागली, आणि नंतर बोटही दाखवेना. आपण बोलायला लागलो की आजीला काहीतरी त्रास होतो, एवढंच त्या पोरीला समजलं असावं. आजी घाबरली. मासळीचे हात म्हणून डोळे मनगटाने पुसत मला म्हणाली, "चार शब्द बोलायची, ते पन गेलं. गिऱ्हाइकाचं आयकत बसले नाय म्हनून माजा धंदा चालला बाय. आता या पोरीशी काय करू?" खिडकीवर बसणाऱ्या बाईला काय सुचणार? मी एवढंच म्हटलं की घाबरू नका, आणि ते शब्द माझे मलाच पोकळ वाटले.

त्यानंतर काही दिवसांनी मी मांदेली घ्यायला थांबले होते. घरी जायची घाई होती. मांदेली अर्धी साफ झाली होती. हेमा टोपलीवरून उठली आणि तिने आजीचा पदर ओढला.

"आ..."

कोयता थांबला. आजीने तोंडात काही कोंबलं नाही, दातांत काही धरलं नाही. हात मांडीवर ठेवले आणि नातीच्या डोळ्यांकडे बघत बसली. पोर अडकली, सुटली, परत अडकली. माझ्या जिभेवर 'पाणी' आलं होतं, खोटं कशाला बोलू. पण आजी हलली नाही. तिचा चेहरा अगदी साधा होता, जणू काही तिला जगात दुसरं कामच नव्हतं.

"आ... आजी, मला पा... पाणी नको असतं." हेमा म्हणाली. "मांडीवर घे."

इतके महिने ती पोर उगाच पाणी पीत होती. ज्या बाईला सगळ्या लालबागच्या मनातला मासा कळायचा, तिला हे कळलं नव्हतं. तिने लुगड्यावरचे खवले झटकले, निम्मे तसेच राहिले, आणि पोरीला ओढून मांडीवर घेतलं. नातीच्या केसांत तोंड खुपसून बसली. मग आजी म्हणाली, "आजी नको बोलूस हां. सुरमयच बोल. मना ते आवडतं." माझी मांदेली त्या दिवशी शेजारणीने साफ करून दिली.

मग ती बदललीच. म्हणजे गिऱ्हाइकांशी नाही, त्यांचं वाक्य ती पूर्वीसारखंच तोडायची. पण हेमा बोलत असताना कोणी तोंड उघडलं की हात वर करायची. "थांब. तिचं होऊ दे." एकदा एक गृहस्थ पापलेट घेऊन निघाले होते. हेमा त्यांना उरलेले सुट्टे पैसे देत काहीतरी सांगत होती आणि ते म्हणाले, "परत या, असंच ना?" आजीने त्यांच्या पिशवीत हात घालून पापलेट काढलं आणि टोपलीत परत ठेवलं. "पोरीचं आयकायला वेल नसेल तर मासा पन नाय." गृहस्थ तणतणले. तेव्हा शेजारच्या दोघीही उठल्या, त्यामुळे ते फार वेळ तणतणले नाहीत. पुढच्या रविवारी तेच गृहस्थ पिशवी घेऊन आले आणि हेमाचं "परत या" पुरं होईपर्यंत उभे राहिले. पापलेटासाठी माणूस काय काय शिकतो.

शाळेतही ती एक दिवस जाऊन आली. बाईंशी काय बोलली ते मला माहीत नाही. पण हेमा त्याच शाळेत पुढच्या वर्गात गेली आणि त्या बाई पुढे मासळी घ्यायला तिच्याकडेच येऊ लागल्या. हेमाचं अडखळणं काही गेलं नाही. कमी झालं, तरी राहिलं. मॅडमनी ते आधीच सांगितलं होतं. फरक एवढाच की ती बोलायची थांबली नाही. संप विरून गेला, गिरण्या एकेक करून बंद पडल्या, हेमा बारावी होऊन लोअर परळच्या एका ऑफिसात लागली. तिथे फोन तीच घ्यायची.

आजीला जाऊन आता बरीच वर्षं झाली. बाजारात शिरले की मी आजही आधी डावीकडेच बघते. तिथे दुसरी बाई बसते, चांगली आहे, माझं सगळं ऐकून घेते. मला ते आवडत नाही. मला आठवते ती हेमाच्या लग्नातली आजी.

कोळीवाड्यातलं लग्न, त्यामुळे माणसांना तोटा नाही आणि आवाजाला तर नाहीच. बाजारातल्या झाडून सगळ्या कोळिणी नटूनथटून आलेल्या. जेवणाच्या वेळी नवरा-नवरीने एकमेकांना घास भरवायचा आणि त्याआधी नाव घ्यायचं. गोंगाट सुरू झाला, "नाव घे, नाव घे!" नवऱ्याचं नाव किशोर, आणि हेमाला 'क' कायमच जड. मी आदल्या दिवशी आजीला म्हटलं होतं की उखाणा राहू दे, नाहीतर दुसऱ्या कोणी तिच्या वतीने घेऊ दे. ती म्हणाली होती, "नवरा तिचा हाय. नाव तीच घेल."

हेमा उभी राहिली. "शिडात भरलं वारं, होडी लागली बंदरी..." इथपर्यंत आली आणि अडली. ओठ उघडे, आवाज नाही. नवऱ्याकडची एक आत्या मदतीला म्हणून "कि..." करून सरसावली. तेवढ्यात बाजारातल्या बायकांनी एकदम मागे वळून तिच्याकडे पाहिलं आणि ती आत्या बसली. सगळा मांडव गप्प झाला. ज्या बायकांचा आवाज अख्ख्या लालबागला पुरायचा, त्या हातात घास धरून बसल्या होत्या. आजीने कोणाला काही सांगितलं नाही. ती आपली नातीच्या डोळ्यांकडे बघत होती.

"...किशोररावांचं नाव घेते सगळ्यांच्या समोरी." हेमाने पुरं केलं. मूळ उखाण्यात बहुधा दुसरंच काही होतं. मांडव दणाणला. मी रडले, सांगायला लाज कसली.

आणि मग कोणीतरी ओरडलं, "आता मावशीचं! मावशी, तू घे नाव!" तिचा नवरा कधीच गेला होता. ती म्हणाली, "चल, मी कशाला घेऊ, तो नाय आता." पण हेमा नवऱ्याच्या शेजारून उठून तिच्यापुढे येऊन बसली. "घे ना, सुरमय," ती म्हणाली. "आ... आम्ही थांबतो."

म्हातारीने तोंड उघडलं. आता काहीतरी चावट उखाणा येणार म्हणून आम्ही हसायच्या तयारीत होतो. काही आलं नाही. ओठ हलले आणि थांबले. हेमाला तिच्या आजोबांचं नाव ठाऊक होतं, मांडवातल्या निम्म्या बायकांना ठाऊक होतं. कोणी बोललं नाही. हेमा तिच्या डोळ्यांकडे बघत बसली.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "काशिनाथ." पुढे-मागे काही नाही, यमक नाही, नुसतं नाव. तिच्या तोंडून ते मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.