कोजागिरीच्या दुधापाशी भागीकाकू

घटस्थापनेच्या दिवशी भागीकाकूच्या खोलीतल्या खुंटीवर एक बोचके लटकू लागे. आत दोन लुगडी, एक खण आणि आईसाठी वळलेल्या फुलवातींची पुडी. कोजागिरी उलटली की दुसऱ्या दिवशी ती ते बोचके सोडी आणि लुगडी पुन्हा पेटीत ठेवी. लहानपणी मला वाटे, हाही नवरात्रातलाच एखादा कुळाचार असेल.

मुलांनो, यंदा रंगूनला तुम्ही कोजागिरीचे दूध घरी करणार असे तुमच्या आईने लिहिले आहे. कृती वेगळ्या कागदावर स्वच्छ अक्षरांत लिहून पाठवते आहे. पण ती ज्या बाईच्या हातची, ती तुम्हांला ठाऊक असावी.

भागीकाकू माझी थोरली काकू. आम्ही ठाण्यात तळ्याजवळ राहत असू आणि तिचे माहेर कल्याणला होते. आगगाडी सुरू होऊन तेव्हा कितीतरी वर्षे झाली होती. सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणाच्या आत कल्याणात सहज पोचे. आमच्या परसात गाडीची शिट्टी ऐकू येई. विहिरीवर धुणे धुताधुता काकू म्हणे, "चालली बघ माझ्या आईकडे. सगळ्यांना नेते मेली, मला तेवढी नेत नाही."

न नेण्याचे कारण दूध. आमचे आजोबा कचेरीत मोठ्या हुद्द्यावर होते. कोजागिरीला त्यांच्याकडे वकील, मास्तर, कचेरीतली मंडळी जमत. साहेबी थाटाच्या काही बैठकींत तेव्हा बाटल्या फिरू लागल्या होत्या. आजोबांना ते मुळीच खपत नसे. "माझ्या घरी दुधाखेरीज काही मिळायचं नाही," ते सांगत, "आणि ते प्यायल्यावर दुसरं काही कुणी मागायचं नाही." आणि खरेच कुणी मागत नसे.

काकू दुपारपासून चुलीपाशी उभी राही. ही गोष्ट बसून करायची नाही, असे तिचे म्हणणे. "बसलं की हात जड होतो, आणि दुधाला ते लगेच कळतं." जाड बुडाच्या कल्हईच्या पातेल्यात ती लाकडी उलथन्याने तळ खरवडत राही. बदाम पाण्यात न वाटता दुधातच वाटी. केशर कोमट दुधात घोटी. साखर घालायची ती पातेले खाली उतरवल्यावर, आणि जायफळ अगदी शेवटी. बाहेर अंगणात मंडळी वाटीतल्या दुधात चंद्र पाहत आणि वाहवा करीत. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी पश्चिमेला होती, तिथून उगवता चंद्र दिसत नसे. काकूच्या वाट्याला धूर तेवढा येई.

दरवर्षी नवरात्रात तिचा भाऊ विष्णू तिला न्यायला येई. आजी त्याला गूळपाणी देई आणि सांगे, "कोजागिरी होऊ दे, मग बघू." कोजागिरी झाली की दिवाळीच्या फराळाची तयारी निघे. मग आजी म्हणे, "आता आमच्या लेकी माहेरी यायच्या, आणि ही कुठे निघाली?" माझ्या काकांना कुणी विचारले तर ते पगडी नीट करीत म्हणत, "आई म्हणेल तसं."

एका वर्षी विष्णूमामाने गूळपाण्याला हात लावला नाही. तो म्हणाला, "आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. माणूस नुसतं सावलीसारखं दिसतं. ती म्हणते, दिसतंय तोवर एकदा भागीचं तोंड पाहू द्या."

आजीला वाईट वाटले नाही असे नाही. तिने डोळ्याला पदर लावला. मग म्हणाली, "पाठवीन हो. पण यंदा नवे साहेब यायचेत घरी. एवढी कोजागिरी होऊ दे."

त्या कोजागिरीला मी स्वयंपाकघरात चारोळी निवडत होते. दूध अर्ध्यावर आले होते. काकूने एकाएकी उलथने बाजूला ठेवले आणि दोन्ही हात पदराखाली घेऊन ती नुसती पाहत उभी राहिली. मी म्हटले, "काकू, लागेल गं!"

"लागू दे," ती म्हणाली. "दूध बिघडलं, की माझी गरज संपली."

दूध लागले. करपट वास जायफळानेही झाकला नाही. मंडळींनी वाट्या ओठांना लावून खाली ठेवल्या. काकू आत बोलणी ऐकायला तयार होऊन उभी होती. तिला वाटत होते, सासूबाई म्हणतील, हिच्या हातची चव गेली, जाऊ दे हिला माहेरी. पण आजी आत आली ती वेगळेच बोलत.

"त्या बारकीने पाणी घातलं असणार, नाहीतर शिळं दूध मिसळलं. एरवी तुझ्या हातून असं होणं शक्य आहे का?"

बारकी जवळच्या खोपट गावाहून आम्हांला म्हशीचे दूध घालायची. दुसऱ्या दिवशी सकाळी ती दारात उभी राहून रडत होती. "आई, म्हशीची आन, पानी नाय घातला! म्हस तीच, चारा तोच. तुमी बंद केलाव त आलीतली बाकीची घरा पन बंद करतील. मी पोरांना काय घालू?"

"दूध काय आपोआप लागलं?" आजी म्हणाली. "आमची सून आज का चूल पाहते आहे?"

काकू ओटीवर आली. पुरुषमंडळी तिथे बसलेली असताना ती कधी येत नसे. डोक्यावरचा पदर सावरून ती म्हणाली, "सासूबाई, बारकीचं दूध चांगलं होतं. मी ढवळायचं थांबवलं."

"हात भाजला का?"

"नाही. मुद्दाम थांबवलं."

आजोबा उठून आत गेले. काका अंगणातल्या तुळशीकडे पाहत राहिले. शेवटी आजी बारकीला म्हणाली, "उद्यापासून नेहमीसारखं घाल." आणि काकूला म्हणाली, "तुला आता एकटीला चुलीपाशी ठेवणं नको."

बारकीचे दूध चालू राहिले आणि काकूचे बोचके सुटले. त्या वर्षी तिच्याशी नीट बोलायलाही घरात कुणी धजले नाही. विष्णूमामा दिवाळीत येऊन गेला, पण त्याला ओटीवरूनच परत पाठवले.

पुढच्या कोजागिरीला आजी स्वतः चुलीपाशी पाट मांडून बसली. काकूचा हात थांबतो का, यावर तिची नजर. पण पाहतापाहता तिने सगळेच पाहिले. जाळ कधी ओढायचा, साय कशी मोडायची, साखर केव्हा पडते. दूध उतरवल्यावर ती म्हणाली, "यात एवढं काय आहे गं? उगाच तुझा बोलबाला झाला." तिच्या मनाने ते घेतले. त्यानंतरच्या वर्षी नवरात्रातच तिने जाहीर केले, "यंदा दूध मी करणार. तू जा कल्याणला. ही पोर सोबत ने, म्हणजे दुसऱ्या दिवशी परत यायची आठवण राहील."

ती पोर मी.

कल्याणला पोचलो तेव्हा काकूची आई ओटीच्या खांबाला टेकून बसली होती. आमच्या पावलांचा आवाज ऐकून तिने तोंड वळवले ते भलत्याच बाजूला. तिला आता उजेडही कळत नव्हता. काकू तिच्यापुढे जाऊन बसली. म्हातारीने दोन्ही हातांनी तिचे तोंड चाचपले, कपाळापासून हनुवटीपर्यंत आणि पुन्हा वर.

"गाल बसले गं तुझे."

"नाही आई, आहेत तसेच आहेत."

"मला फसवतेस? हातांना दिसतंय मला."

संध्याकाळी विष्णूमामाची बायको उलथने घेऊन आली. "वन्सं, सगळी तयारी ठेवलीय. तुमच्या हातच्या दुधाचं नाव सगळ्या ठाण्यात. आज आम्हांलाही मिळू द्या की." काकू सवयीने उठली. तिच्या आईने मनगट धरले. "कुठे निघालीस?"

"चुलीपाशी."

"बस खाली. मी दूध प्यायला नाही बोलावलं तुला."

दूध वहिनीनेच केले. ते पाणचट झाले होते आणि मिट्ट गोड. आम्ही अंगणात बसून प्यालो. काकू आईला चंद्र कुठवर आला ते सांगत होती. कौलांवर आला, आता माडाच्या वर आला. म्हातारी मान हलवीत होती. काकूने दुसऱ्यांदा वाटी पुढे केली तेव्हा वहिनीला फार आनंद झाला.

सकाळच्या गाडीने आम्ही परतलो. आजी दारातच होती. "साहेबांनी अर्धी वाटी तशीच टाकली काल," ती म्हणाली. "पुढल्या वर्षी तुला जायला मिळायचं नाही." काकू "बरं" म्हणाली आणि पाय धुऊन आत गेली. होळीच्या सुमारास तिची आई गेल्याचे कळले. त्यानंतर मी तिला माहेरचे नाव काढताना ऐकले नाही. दूध ती दरवर्षी करीत राहिली, आणि ते उत्तम होई.

माझे लग्न ठरले तेव्हा तिने मला ही कृती हाताला धरून शिकवली. शिकवून झाल्यावर म्हणाली, "सासरी गेलीस की पहिल्याच वर्षी घरातल्या सगळ्यांना शिकव. जावांना, नणंदांना, नवऱ्यालासुद्धा. आपली एकटीची म्हणून ठेवू नकोस."

म्हणून कागद तुमच्या आईच्या नावाने न पाठवता तुम्हा सर्वांच्या नावाने पाठवते आहे. पाळीपाळीने ढवळा. आणि ढवळताना कुणाला बाहेर जाऊन चंद्र पाहावासा वाटला, तर त्याला लगेच जाऊ द्या. दूध थोडे लागले तरी चालेल.