जोडीतली एक तार

आम्ही सहा जण एका खोलीत वाढलो. घरातला पहिला पदवीधर मी. फिजिओथेरपिस्ट होऊन दोन हजार चारच्या सुमारास वेल्समधल्या कार्डिफला आलो. तिथल्या हॉस्पिटलच्या वॉर्डात पक्षाघाताने डावा हात गेलेले एक वेल्श म्हातारे होते. मांडीवर कायम टॅरोपॅच, म्हणजे युकुलेलेच्या कुळातलं जुनं, दुर्मीळ वाद्य. हवाई बेटांवरचं कोआ लाकूड, तारांच्या चार जोड्या. जोडी दाबण्याइतका जोर बोटांत उरला नव्हता.

"ग्रॅज्युएट ना तू? मग शिकव या बोटांना," ते टोमणा मारत.

एकदा त्यांनी मला प्रत्येक जोडीतली एक तार काढायला सांगितली.

"सर, वाद्य अधू होईल."

"माझ्याइतकंच ना? काढ."

घरी जायच्या दिवशी त्यांनी एक तार दाबून एक सूर काढला. कित्येक महिन्यांच्या व्यायामानंतर तेवढंच जमलं.