रुमालाखालचा हात

म्हसाच्या जत्रेत बैलांचे सौदे जुळवणाऱ्या त्या दलालाचं नाव मला आजही माहीत नाही. जगभरच्या गप्पा तो ओरडून मारायचा, भाव मात्र तोंडाने कधी बोलायचा नाही. हातावर रुमाल टाकायचा आणि त्याखाली बोटं दाबून आकडा ठरवायचा.

एका जत्रेत माझ्या बैलांचा सौदा चालू असताना त्याने एकदम रुमाल फेकला.

"भाऊ, तुमची बोटं सैल पडली. हसा बघू!"

मी हसलो, पण तोंड एकाच बाजूला गेलं. कुणी हुंगवायला चप्पल आणली, कुणी पाणी.

"काय पाजू नका! लकव्याचा झटका हाय. टाइम नाय, जीप काढा, सरळ कल्याणला!"

जुळत आलेला सौदा टाकून तो माझ्यासोबत मोठ्या दवाखान्यापर्यंत आला.

पुढच्या जत्रेत मी त्याच्यापुढे डावा हात केला. त्याने तो बाजूला सारला, माझा दुबळा उजवा हात रुमालाखाली घेतला आणि थांबला. दात आवळून मी तीन बोटं दाबली.

"एवढा भाव?" तो सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असा ओरडला. "नाय परवडत!"